जात्यावरच्या दोघी

बीड जिल्ह्यांत 'गड' हा शब्द ऐकून कोणी बुरूज आणि तोफा शोधूं लागला तर तो फसेल. त्या मुलुखांत गड म्हणजे संतांचें ठाणें. गहिनीनाथगड तसा, आणि नारायणगडहि तसाच. नगद नारायणाचें हें स्थान डोंगरावर असून भोंवतालचे लोक त्यास धाकटी पंढरी म्हणतात. आषाढी एकादशीस ज्यांना भीमातीरीं जाणें घडत नाहीं, ते हा गड चढतात आणि पंढरीच्या वारीचें समाधान घेऊन घरीं परततात. टाळांचा खणखणाट, मृदंगाची थाप आणि नामाचा गजर यांनीं त्या दिवशीं डोंगर भरून जातो.

गडावरचें हें गाणें सर्वांस ऐकूं येतें, कारण तें ऐकविण्यासाठींच म्हटलेलें असतें. परंतु गड चढणाऱ्या बायकांचें दुसरेंहि एक गाणें होतें, आणि तें गडावर कधीं आलें नाहीं. शिदोरीच्या भाकरीचें पीठ ज्या काळोखांत दळलें जाई, त्या काळोखांत, घरांतले पुरुष निजलेले असतांना, दोघी जणी जात्याशीं समोरासमोर बसून तें म्हणत. उजाडलें कीं तें गाणें संपे. दिवसां कोणी म्हणावयास सांगितलें तर त्या लाजून पदर तोंडास लावीत. अशा या गुप्त गाण्याचा शोध कसा लागला, आणि त्याच बीड जिल्ह्यांत त्यांतून काय हातीं आलें, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

जात्याची रचना शहरांतल्या मुलांस आतां चित्रावरूनच समजावून द्यावी लागते. दोन वाटोळ्या दगडी तळ्या. खालची स्थिर, वरची फिरती. मध्यभागीं खुंटी, आणि वरच्या तळीच्या कडेस हातांत धरावयाचा लांकडी खुंटा. दोघींचे हात त्या एकाच खुंट्यावर असावयाचे. एकीनें ओढावें, दुसरीनें लोटावें, आणि मोकळ्या हातानें मूठ मूठ ज्वारी वा बाजरी जात्याच्या तोंडांत सोडावी. एकटीलाहि दळतां येतें, नाहीं असें नाहीं. पण घरांत खाणारीं तोंडें अधिक असलीं म्हणजे तें काम एका खांद्याचें राहत नाहीं. सासू-सून, जावाजावा, नणंदा-भावजया, नाहींतर शेजारणी अशी जोडी जमे. दिवसां जिच्याशीं अबोला, तिच्याच समोर पहाटे बसावें लागे, आणि अबोला ठेवून ओढ-लोटीचा ताल जमत नाहीं.

त्या तालावर ओवी बसे. ग्रंथांतली ओवी साडेतीन चरणांची, हें शाळेंत शिकलेलें सर्वांस ठाऊक आहे. जात्यावरची ओवी तिच्याच गोत्रांतली, पण बहुधा दोन ओळींतच आटोपणारी. दळणारीचा दम तेवढाच पुरतो. एकीनें ओळ टाकावी, दुसरीनें ती उचलावी, मध्यें 'ग बाई', 'सखे' असे शब्द घालून ती लांबवावी, आणि तेवढ्यांत पहिलीनें पुढची ओळ जुळवावी. पाठ केलेलें कोणतें आणि त्याच क्षणीं रचलेलें कोणतें, हें त्या दोघींनाहि सांगतां येत नसे. विषय म्हणाल तर माहेर, भाऊ, लेकीचें सासर, सीतेचा वनवास, पंढरीचा विठ्ठल. पण यांच्याच आडून आणखी कांहीं येई. बाईचा जन्म कशाला दिलास, असा देवाला केलेला सवाल येई. नवऱ्याच्या माराची गोष्ट येई. कष्ट करणारी एक आणि जेवणारा दुसरा, याचा हिशेब येई. माणसांजवळ जें बोलावयाची सोय नव्हती तें दगडाजवळ बोललें जाई.

सुशिक्षित समाजानें या ओव्यांकडे पूर्वीं लक्ष दिलें नव्हतें असें नाहीं. साने गुरुजींनीं 'स्त्रीजीवन' या ग्रंथांत मोठ्या मायेनें त्या गोळा केल्या, आणि पुष्कळ घरांत तें पुस्तक आजहि सांपडेल. तथापि त्यांत ओव्या विषयवार लावलेल्या आहेत. कोणती ओवी कोणत्या बाईनें म्हटली तें कळत नाहीं. लोकगीताला कर्ता नसतो, अशी त्या काळची समजूत होती. ती अगदींच खोटी नाहीं. पण तिच्यामुळें म्हणणारी बाई मात्र पडद्याआड राहिली.

हा पडदा दूर केला तोहि एका जोडीनेंच. फ्रान्समध्यें जन्मलेले आणि पुण्यास येऊन राहिलेले गी पॉइट्व्हँ आणि त्यांच्या सहकारी हेमा राईरकर हीं दोघें पुणें जिल्ह्याच्या डोंगराळ भागांत गरीब कष्टकऱ्यांची संघटना उभी करण्याचें काम करीत होतीं. बैठकींत बायकांना आपलें दुःख सांगा म्हटलें तर त्या गप्प बसत. पण ओवीचा विषय निघाला कीं तेंच दुःख नेमक्या शब्दांत बाहेर पडे. तेव्हां त्यांनीं ओव्या टिपून घेण्यास आरंभ केला. १९८० नंतरच्या दशकांत सुरू झालेलें हें काम महाराष्ट्रांतील एक हजारांहून अधिक गांवांत पसरलें, आणि जमलेल्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर गेली. महत्त्वाची गोष्ट अशी कीं, टिपून घेणाऱ्यांत खेड्यांतल्या बायकाहि होत्या. परक्यासमोर न उघडणारीं तोंडें त्यांच्यासमोर उघडलीं. आणि प्रत्येक ओवीखालीं म्हणणारीचें नांव, तिचें गांव आणि तालुका लिहिला गेला. पुढें बर्नार्ड बेल या संगीतज्ञाच्या साह्यानें पुष्कळ ओव्यांचें ध्वनिमुद्रणहि झालें.

या कामाच्या ओघांत १९९६ सालीं ही मंडळी बीड जिल्ह्यांतील माजलगांवीं पोहोंचली. नारायणगडाच्या पूर्वेस, सिंदफणेच्या कांठीं वसलेला हा तालुक्याचा गांव. तेथें भीमनगर नांवाची वस्ती आहे. नांवावरूनच श्रोत्यांच्या ध्यानांत आलें असेल कीं ही वस्ती बाबासाहेब आंबेडकरांस मानणाऱ्यांची आहे. या वस्तींतल्या बायका ओव्या म्हणूं लागल्या, आणि ऐकणाऱ्यांना आढळून आलें कीं जातें तेंच, चाल तीच, पण ओवींतलें नांव बदललेलें आहे.

जुन्या ओव्यांत मोजणीचा एक सांचा असतो. पहिली ओवी अमक्या देवाला, दुसरी तमक्याला, तिसरी आईबापांना, अशी ती माळ चालते. भीमनगरांत सांचा कायम राहिला आणि माळेंत बुद्ध, धम्म, भीमराय आणि रमाई हीं नांवें ओंवलीं गेलीं. बाबासाहेबांच्या पत्नी रमाबाई १९३५ सालीं निवर्तल्या. त्यांचें उणेंपुरें आयुष्य दारिद्र्यांत, पोटचीं मुलें गमावण्यांत आणि वाट पाहण्यांत गेलें. त्यांचें दुःख जात्यावरच्या बाईला समजावून सांगावें लागत नव्हतें. तें तिच्या ओळखीचें होतें.

या गोष्टीचें महत्त्व जरा थांबून पाहण्यासारखें आहे. बीड जिल्हा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत निजामाच्या राज्यांत होता. १९२० चा 'मूकनायक', १९२७ चा महाडचा सत्याग्रह या घटना ब्रिटिश मुलखांतल्या. १९५० सालीं बाबासाहेबांनीं औरंगाबादेस, म्हणजे आतांच्या छत्रपति संभाजीनगरास, महाविद्यालय सुरू केलें. १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं नागपुरास धर्मांतर झालें, आणि ६ डिसेंबरला ते गेले. चळवळीचा हा इतिहास सभांतील भाषणांवरून, वर्तमानपत्रांवरून आणि ठरावांवरून लिहिला जातो. गाण्यांचा विचार झालाच तर भीमराव कर्डकांच्या जलशांचा आणि वामनदादा कर्डकांच्या गीतांचा होतो, आणि तो योग्यच आहे. पण सभेंत बसणारे आणि जलशांत उभे राहून गाणारे बहुतेक पुरुष. तो विचार घरांत, चुलीपर्यंत आणि जात्यापर्यंत कसा गेला, याची नोंद कोणत्या ठरावांत सांपडणार? ती या ओव्यांत आहे. ज्यांना अक्षरओळख होऊं दिली गेली नाहीं, त्यांनीं आपल्या उद्धाराचा इतिहास जवळ होतें त्या एकुलत्या साधनावर लिहून ठेवला. विद्वानांनीं त्यास साधनग्रंथ म्हणावें कीं नाहीं हा वाद त्यांनीं खुशाल घालावा.

येथें शहरांतील एका गोष्टीकडे वळलें तर तें विषयांतर होणार नाहीं. पुण्या-मुंबईच्या घरांतून हल्लीं तरुण मुलें 'रॅप' नांवाचा प्रकार ऐकतात, आणि घरांतलीं वडील मंडळी, याला का गाणें म्हणावें, अशी तक्रार करतात. त्यांत सूर थोडा, शब्द फार, आणि शब्दांचा मारा ठेक्यावर. ज्या हिप-हॉपच्या कुळांतला हा प्रकार, त्याचा जन्म ११ ऑगस्ट १९७३ रोजीं न्यूयॉर्क शहराच्या ब्राँक्स या गरीब भागांत झाला असें मानतात. शाळेच्या नव्या कपड्यांसाठीं पैसे जमवावे म्हणून सिंडी कॅम्पबेल या मुलीनें घराच्या इमारतींत एक नाचगाण्याचा कार्यक्रम ठरविला. तिचा भाऊ क्लाइव्ह यानें दोन फिरत्या चकत्यांवर एकाच गाण्याच्या दोन तबकड्या लावल्या आणि त्यांतला नुसत्या ठेक्याचा तुकडा आलटून पालटून वाजवीत ठेवला. त्या ठेक्यावर पुढें लोक बोलूं लागले, आणि घरभाडें, पोलीस, बेकारी यांविषयीं बोलूं लागले. त्यांतहि जोडीनें म्हणणारे पुष्कळ. एकाचा दम संपला कीं दुसऱ्यानें ओळ उचलावी.

महाराष्ट्रांतहि हा प्रकार रुजला आहे. मुंबईच्या 'स्वदेशी' या मंडळीनें मराठी, हिंदी आणि इतर देशी भाषांत रॅप रचले. आरेच्या जंगलावरील संकटाविषयीं त्यांनीं २०१९ सालीं केलेल्या गाण्यांत तेथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचाहि आवाज आहे. पुढच्याच वर्षीं त्यांचा 'चेतावनी' हा गीतसंग्रह बाहेर आला. वडील मंडळींनीं तो एकदां ऐकावा. चाल पसंत पडणार नाहीं कदाचित्. पण फिरत्या दगडाच्या ठेक्यावर, सूर थोडा आणि शब्द फार, असें आपलें गाऱ्हाणें जिनें मांडलें, ती आजी पुष्कळांच्या घरांत होऊन गेली आहे. नातवाचें तें ऐकून जी मंडळी कानांवर हात ठेवतात, त्यांनीं आजीचेंहि कधीं ऐकलें नव्हतें, एवढेंच यावरून दिसतें.

मात्र एक भेद आहे आणि तो लहान नाहीं. रॅप म्हणणाऱ्याला श्रोता हवा असतो. जात्यावरच्या दोघींना समोरच्या एकीपलीकडे कोणी नको होतें. आपलें गाणें कोणी टिपील, तें मुद्रित होईल, ही कल्पनाहि त्यांच्या मनाला शिवली नसेल. म्हणून त्यांत आव नाहीं, तशीच भीडहि नाहीं. आणि म्हणूनच तें नाहींसें होणें इतकें सोपें होतें.

तें नाहींसें कशानें झालें, हें सर्वांस माहीत आहे. गांवोगांव पिठाच्या गिरण्या आल्या. पहाटेचा घरघराट बंद झाला आणि त्याबरोबर ओवीहि बंद पडली. यावर हळहळणारे पुष्कळ भेटतात. बहुधा त्यांनीं कधीं दळलेलें नसतें. तळहाताला फोड आणि खांद्याला ठणका देणारें तें काम गेलें, हें फार चांगलें झालें. गाणें परत यावें म्हणून जातें परत यावें, असें दळणारी एकहि बाई म्हणणार नाहीं. पण गिरणींतल्या रांगेंत डबा घेऊन उभ्या राहिलेल्या बाईला दुसरीजवळ मन मोकळें करावयास ती जागा उरली नाहीं, हेंहि खरें. १९९६ सालीं माजलगांवीं मुद्रण झालें तेव्हां जात्याचा काळ सरत आला होता. आणखी वीस वर्षें उशीर झाला असता तर म्हणणाऱ्यांतल्या कितीजणी उरल्या असत्या आणि त्यांना किती आठवलें असतें, कोण सांगेल?

मुद्रण झालें तरी तें लोकांपर्यंत जावयास पुष्कळ अवधि लागला. गी पॉइट्व्हँ २००४ सालीं वारले, हेमाताई २०१० सालीं. एक लाख ओव्यांचें वर्गीकरण करणें, खेड्यांतले शब्द नीट लावणें, कोणता आवाज कोणाचा तें जुळविणें हें काम त्यांच्या सहकाऱ्यांनीं नेटानें चालू ठेवलें. अखेर पी. साईनाथ यांनीं स्थापन केलेल्या ग्रामीण भारताच्या जनसंग्रहानें हा सारा ठेवा हातीं घेतला आणि २०१७ सालापासून तो आवाजासकट, भाषांतरासकट प्रसिद्ध करण्यास सुरुवात केली. त्या पहिल्याच वर्षांत आंबेडकर जयंतीच्या सुमारास भीमनगरच्या ओव्या बाहेर आल्या. मुद्रणाला तेव्हां एकवीस वर्षें झालीं होतीं. संग्रहाची माणसें माजलगांवीं पुन्हां जाऊन जुन्या गायिकांस भेटलीं, त्यांच्याशीं बोललीं. आज त्या ओव्या उघडल्या कीं प्रत्येकीखालीं म्हणणारीचें नांव आहे, गांव माजलगांव, वस्ती भीमनगर, जिल्हा बीड, आणि मुद्रणाचें साल १९९६.