थाळींतला वड

नृसिंहमंदिराचें ताथवडे गांव २००९ सालीं पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेंत आलें, आणि पाहतां पाहतां शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या. दहाव्या मजल्यावरच्या कुटुंबास अंगण नसतें. पण झाडाची हौस अंगणाबरोबर जात नाहीं. मग कोणी एखादा वामनवृक्ष विकत आणतो, दिवाणखान्यांतील कपाटावर मांडतो, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याचीं पानें गळूं लागतात. ‘याला फारसें कांहीं लागत नाहीं,’ असें विकणाऱ्यानें सांगितलेलें असतें. म्हैस विकणाराहि तेंच सांगतो.

या अपमृत्यूचें मूळ बहुधा ‘घरांतलें झाड’ या कल्पनेंत असतें. बोनसाय या जपानी शब्दाचा अर्थ थाळींतली लागवड एवढाच. घरांतली लागवड असा नव्हे. जपानांत हीं झाडें उघड्यावर, उन्हापावसांत वाढवितात आणि पाहुण्यांपुढें मांडण्यापुरतींच आंत आणतात. २०१८ च्या फेब्रुवारींत पुण्यांत बोनसायचें मोठें प्रदर्शन भरलें, त्यांत तीन हजारांहून अधिक झाडें होतीं. प्रदर्शनांत झाड दिसतें. त्याची रोजची जागा मात्र दिसत नाहीं.

नवशिक्यानें पहिलें झाड वडाचें, पिंपळाचें किंवा उंबराचें घ्यावें. जुन्या वाड्याच्या भिंतींत, गच्चीच्या फटींत पिंपळ मूठभर मातीवर वर्षानुवर्षें तगतो. अरुंद जागेंत राहण्याची विद्या त्यास कोणी शिकवावी लागत नाहीं. थंड प्रदेशांतील जुनिपर दिसण्यांत मोहक खरा, परंतु बंद खोलींत तो मेल्यावरहि कित्येक आठवडे हिरवा दिसतो, आणि घरधनी त्या प्रेतास भक्तिभावानें पाणी घालीत राहतो.

खरी परीक्षा पाण्याची. जमिनींतल्या झाडास तहान लागली तर त्याचीं मुळें खोल जातात; थाळींतल्या झाडास तीन-चार बोटें मातीपलीकडे जग नाहीं. एका वैशाखी दुपारींच त्याचा दुष्काळ पुरा होतो, आणि तळाचें भोंक बुजलें तर महापूरहि तितकाच जवळ असतो. ‘रोज सकाळीं एक पेला’ हा नियम माणसाच्या सोयीचा आहे, झाडाच्या नव्हे. बोटाचें पहिलें पेर मातींत खुपसून पाहावें. कोरडें लागलें तर तळांतून निथळेपर्यंत पाणी घालावें, ओल लागली तर हात आवरावा. खालच्या ताटलींत साचलेलें पाणी ओतून टाकावें, कारण मुळांनाहि हवा लागते. काळी माती तर थाळींत नकोच. विटांचा बारीक चुरा, जाड वाळू आणि चाळलेलें शेणखत यांचें मिश्रण बरें.

सकाळचें तीन-चार तास ऊन मिळेल अशी पूर्वेकडची गॅलरी उत्तम. जागा बदलली कीं ही जात रुसून पानें टाकते. घाबरून पुन्हां जागा बदलणें हा दुसरा घाव होय.

कात्री आणि तारेची घाई करूं नये. पहिलें वर्ष झाड जगलें तरी पुष्कळ झालें. पुढें दर दोन-तीन वर्षांनीं, पावसाळ्याच्या तोंडावर, मुळांचा सुमारें तृतीयांश छाटून माती बदलावी. छाटतांना पांढरा चीक वाहतो. त्यास भिण्याचें कारण नाहीं. तार मात्र सालींत रुतण्यापूर्वीं काढावी.

मे महिन्यांत गांवीं जातांना झाड शेजाऱ्यांच्या स्वाधीन करावें, आणि त्यांस पेल्याचें माप न सांगतां बोटाची खूण दाखवून ठेवावी.