पूर ओसरल्यावरची सेवा



कसबा बावड्याचा राजाराम बंधारा आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. पावसाळ्यांत पंचगंगेची पातळी तेथेंच मोजतात. ३९ फुटांवर इशारा व ४३ फुटांवर धोका, हे आंकडे येथील लहान मुलांसहि पाठ असतात. ऑगस्ट २०१९ मध्यें हें पाणी ५५ फुटांच्याहि वर चढलें. शिरोलीजवळ पुणें-बंगळूरचा हमरस्ता बुडाला व कित्येक दिवस बंद राहिला. शहरास पाणी पुरविणारे पंप बुडाल्यामुळें चोहोंकडे पाणी असूनहि पिण्यास पाणी मिळेनासें झालें.

त्या समयीं होड्या घेऊन धांवलेल्या जवानांचें व तरुणांचें शौर्य सर्वांनीं पाहिलें, व त्यांचा गौरवहि झाला. तो योग्यच होय. परंतु आज आम्ही आपलें लक्ष डॉक्टर, परिचारिका व गांवोगांवच्या आशा-सेविका यांच्या सेवेकडे वेधूं इच्छितों. होडीवाल्यांचें काम संपतें, तेथून यांचें काम वाढतें.

कारण पुराचे सर्वच बळी पाण्यांत बुडून पडतात, असें नाहीं. पाणी उतरूं लागलें म्हणजे रोगांची पाळी येते. विहिरींत घाण शिरून हगवण, कावीळ व विषमज्वर उद्भवतात. उंदरांच्या मूत्रानें दूषित झालेल्या चिखलांतून अनवाणी चालतांना पायाच्या लहानशा जखमेवाटे लेप्टोस्पायरोसिसचे जंतु शरीरांत शिरतात. बिळांतून निघालेले साप घरांत आश्रय घेतात. म्हणून शाळांतील व मंगल कार्यालयांतील छावण्यांत रोगी तपासणें, पाण्यांत क्लोरीन घालणें, डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वांटणें, हें काम दिवसेंदिवस चालवावें लागलें. स्थानिक डॉक्टरांच्या जोडीस मुंबई-पुण्याहूनहि पथकें आलीं. सांथ आली नाहीं तर कोणी टाळ्या वाजवीत नाहीं. पण सांथ न येणें हेंच या सेवेचें यश होय.

तथापि एक रोगी अशा वेळीं हटकून विसरला जातो, आणि तो म्हणजे नित्य औषधावर जगणारा. घर सोडतांना मनुष्य दागिने घेतो, कागदपत्रें घेतो. म्हातारीच्या रक्तदाबाच्या गोळ्या मात्र कोनाड्यांतच राहतात. वीज गेली कीं इन्सुलिन थंड ठेवतां येत नाहीं. ज्याचें रक्त यंत्रानें शुद्ध करावें लागतें, त्याला रस्ता खुला होईपर्यंत थांबतां येत नाहीं. छावणींतील डॉक्टर विचारतो, "कोणतें औषध घेतां?" उत्तर मिळतें, "पांढरी गोळी." एवढ्यावरून निष्णात डॉक्टरानेंहि काय करावें?

जुलै २०२१ मध्यें महापूर पुन्हां आला. तो यापुढेंहि येईल, असें समजूनच वागणें शहाणपणाचें आहे. म्हणून आम्ही आपणांस आग्रहानें सांगतों कीं, पावसाळ्यापूर्वीं प्रत्येक गल्लींत दोघांनीं घरोघर जावें व मधुमेही, हृदयरोगी, अंथरुणास खिळलेले वृद्ध आणि दिवस भरत आलेल्या स्त्रिया यांची यादी करावी. प्रत्येक रोग्याच्या उशाशीं पंधरा दिवसांचीं औषधें व डॉक्टरांची चिठ्ठी प्लास्टिकच्या पिशवींत बांधून ठेवावी. पाणी ३९ फुटांवर पोंचल्याचें कळतांच आधीं यांना हलवावें, सामानसुमान मागाहून.

डॉक्टरांनीं आपलें कर्तव्य केलें आहे. त्यांचा अर्धा भार हलका करणें आपल्या हातीं आहे, आणि त्यासाठीं वैद्यकाची पदवी लागत नाहीं.