गौरीला आपण विचारत नाही



मी मानसोपचारतज्ज्ञ नाही. डिप्लोमा करून सरकारी नोकरीला लागलो. टेबलावर येणारे अर्ज पाहतो. हा विषय मला तिथेच भेटला. ‘वैवाहिक स्थिती’ या रकान्यापाशी काही बायकांचा हात थांबतो. विवाहित लिहावं, तर नवऱ्याने दुसरीकडे संसार मांडलेला. घटस्फोटित लिहावं, तर कोर्टाचा कागद नाही. मग त्या मलाच विचारतात, “साहेब, काय लिहू?”

अशा स्त्रिया थोड्या नाहीत. २०११ च्या जनगणनेत देशात घटस्फोटित स्त्रियांपेक्षा नवऱ्यापासून विभक्त राहणाऱ्या स्त्रियांची संख्या दुपटीहून अधिक होती.

नवरा वारला, तर तेरावा होतो, माणसं येऊन धीर देतात. नवऱ्याने टाकलं, तर त्या दुःखाला तेरावा नाही. तो परत येईल ही आशा सुटत नाही आणि फसवणूक विसरता येत नाही. झोप उडते, घास उतरत नाही, छाती धडधडते. ‘मला आधीच कसं कळलं नाही?’ असं मन स्वतःलाच टोचत राहतं. त्यात आपण म्हणतो, ‘तुझंच काही चुकलं असेल.’ पुढे तिलाही तेच खरं वाटू लागतं. ही दुसरी जखम पहिलीइतकीच खोल असते, आणि ती आपण करतो.

१९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने परित्यक्तांची परिषद भरवली. अ‍ॅड. निशा शिवूरकर त्या कामात पुढे होत्या. पोटगी, निवारा, स्वतःच्या नावाची शिधापत्रिका हे परित्यक्तांच्या चळवळीचे प्रश्न. पण आपल्यासारख्या आणखी कितीतरी जणी आहेत आणि दोष आपला नाही, हे कळणं हेही औषधच असतं.

आणखी काही गोष्टी माहीत असाव्यात. पोटगी मागायला घटस्फोट झालेला असावा लागत नाही. २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा मानसिक छळही हिंसाच मानतो. मन फारच खचलं, तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनामूल्य बोलता येतं, मराठीतही. जीव नकोसा झाल्याची भाषा कानावर आली, तर तिला एकटं सोडू नका. लगेच डॉक्टरांकडे न्या.

सिल्वासात आपल्यातली बरीच कुटुंबं कारखान्यांच्या निमित्ताने आली. माहेर लांब राहिलं. अशा वेळी शेजारीण हेच माहेर.

गौरी येतात तेव्हा आपण त्यांना पावलांवरून कौतुकाने घरात घेतो. ‘का आलीस, किती दिवस राहणार,’ असं विचारत नाही. खरी लेक बॅग घेऊन दारात उभी राहिली, की मात्र पहिला प्रश्न तोच असतो. यंदा तो प्रश्न गिळू या. तिला आत घेऊ, जेवू घालू, आणि हळदीकुंकवालाही आवर्जून बोलावू.

गणपती बाप्पा मोरया!