मोठे भागधारक केव्हा निघून जातात?
(सारंगखेडा येथील वार्षिक ज्ञातिसंमेलनातील भाषण)



येथल्या दत्ताच्या यात्रेत घोडा घ्यावयाचा झाला तर आपण त्याचे दात पाहतो, चाल पाहतो, आणि धनी तो का विकीत आहे हे हटकून विचारतो. शेअर घेताना मात्र हा प्रश्न कोणी विचारीत नाही. आम्हीही विचारला नव्हता. निवृत्तीच्या रकमेतून आम्ही एका कंपनीचे शेअर घेतले. तिचे नाव येथे घेणे उचित नव्हे. अंमळनेरात 1945 साली निघालेल्या तेलाच्या कारखान्याची पुढे विप्रो झाली आणि तिचे शेअर जपणारी घरे वर आली, ही कथा खानदेशात कोणी ऐकली नाही? तेव्हा भाव उतरला तरी आम्ही धीर धरून आणखी घेतले. दोन लाखांचे चाळीस हजार उरले. (सौभाग्यवतींस हा आकडा आजच प्रथम कळत आहे.) मग पुतण्याने मागील चार तिमाह्यांचे तक्ते समोर ठेविले. दर तिमाहीस एकेका म्युच्युअल फंडाचे नाव गळालेले, आणि लहान भागधारकांची संख्या जवळजवळ दुप्पट. त्यांनी टाकले ते आम्ही वेचीत होतो.

हे तक्ते गुप्त नाहीत. सेबीच्या नियमानुसार बाजारात नोंदलेल्या कंपनीने तिमाही संपल्यापासून 21 दिवसांच्या आत भागधारकांचा तपशील शेअरबाजाराकडे द्यावयाचा असतो. त्यात म्युच्युअल फंड, विमा कंपन्या, परदेशी गुंतवणूकदार यांचे हिस्से निरनिराळे असतात. ज्याचा हिस्सा 1 टक्का वा अधिक, त्याचे नावही असते. एका दिवसात कोणी कंपनीच्या अर्ध्या टक्क्याहून अधिक शेअर विकले तर ती नोंद बाजार त्याच दिवशी प्रसिद्ध करतो. हे सर्व बाजाराच्या संकेतस्थळावर फुकट वाचावयास मिळते.

तथापि तरुणांनी येथे घाई करू नये. नाव गळाले म्हणजे सारे विकले असे नव्हे. हिस्सा 1 टक्क्याच्या किंचित खाली आला तरी नाव जाते. टक्का घसरला म्हणजे विक्रीच झाली, असेही नव्हे. येस बँकेचे उदाहरण घ्या. मार्च 2020 मध्ये तिच्यावर निर्बंध आले आणि ठेवीदारांस 50,000 रुपयांपलीकडे रक्कम काढता येईना. त्यानंतर स्टेट बँक व इतर सात वित्तसंस्थांनी दहा रुपये दराने 1,000 कोटी नवे शेअर घेतले. आधीचे होते सुमारे 255 कोटी. म्हणजे ज्याने एकही शेअर विकला नाही, त्याचाही टक्का जवळपास एकपंचमांशावर आला. अंश आणि छेद शिकविण्यात आमचा जन्म गेला, पण छेदही बदलतो हे आमच्या ध्यानी उशिरा आले. आता आम्ही टक्क्याआधी शेअरांच्या संख्येचा रकाना वाचतो.

आणखी एक. तक्ता हाती येईपर्यंत विक्री तीन-साडेतीन महिन्यांची जुनी झालेली असू शकते. आणि कोणी विकले हे तो सांगतो, का विकले हे सांगत नाही. घोड्याचा धनी निदान समोर उभा असतो.

असो. भोजनोत्तर आमचा पुतण्या संगणक घेऊन मंडपातच बसणार आहे. ज्यांच्या घरचा कापसा-मिरचीचा पैसा शेअरांत आहे त्यांनी कंपनीचे नाव कागदावर लिहून आणावे. मागील चार तिमाह्यांचे तक्ते काढून देऊ. भाव चढेल की उतरेल, हे मात्र आम्हांस विचारू नये.