फोटोच्या पाठीमागे



संयोजकांनी मला ‘तंत्रज्ञान आणि आपण’ हा विषय दिला होता. वीस-बावीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काढल्यावर त्यावर बोलायचा मला कंटाळा येतो. त्यापेक्षा माझ्या हातून झालेली एक चूक सांगते. ती आपल्या गावाशी आणि आपल्या वर्गाशीही जोडलेली आहे.

इस्रायल आळीतली माझी बाकावरची मैत्रीण तुम्हाला आठवत असेल. नाव घेत नाही, तिनंच बजावलंय. तिच्या घरच्या मलिद्याचे पोहे, नारळ आणि साखर आपण सगळ्यांनीच खाल्लंय. नवगावच्या किनाऱ्याजवळ फुटलेलं गलबत, त्यातून वाचलेली सात जोडपी, शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ‘शनवार तेली’ हे नाव, ही बेने इस्रायलांची परंपरा अलिबागकरांना मी काय सांगायची? पण १९४८ नंतर आळीतली घरं एकेक करून रिकामी झाली. २०११ च्या जनगणनेत साऱ्या भारतात ज्यू पाच हजारांच्याही आत होते. मागेन अबोथ सिनेगॉग आजही आहे, पण माणसं अश्दोद, लोद, दिमोना इथं गेली.

सहा वर्षांपूर्वी मैत्रिणीनं घर आवरायला काढलं. ट्रंकेत अल्बम निघाले. ‘तू कॉम्प्युटरवाली, तूच कर काहीतरी,’ म्हणाली. मी केलं. वाळवी लागलेल्या काळ्या पानांवरून फोटो सोडवले, पुठ्ठ्यांवरचे काढले, उत्तम रिझोल्यूशनला स्कॅन केले. एकूण २१२. फायलींना एक ते दोनशे बारा क्रमांक दिले. अल्बमची पानं आणि पुठ्ठे रद्दीत गेले.

आता सांगा, त्या पानांवर काय होतं? पांढऱ्या शाईनं मराठीत लिहिलेली नावं. पुठ्ठ्यांवर फोटो स्टुडिओचं नाव आणि गाव. म्हणजे कोण, कुठं आणि साधारण केव्हा, हे सगळं. चित्र म्हणजे माहिती आणि कागद म्हणजे वेष्टण, असं मी धरून चालले. इंजिनिअरचं डोकं! चहाच्या पुड्यासारखं वेष्टण फेकून दिलं.

हे माझ्या लक्षात आलं ते मैत्रिणीच्या दिमोनाच्या आत्यामुळे. वय शहाऐंशी, मराठी अस्सल आपल्याकडची. व्हॉट्सॲपवर पहिला फोटो पाहून त्यांनी विचारलं, ‘गो बाय, पाठी काय लिवलंय ते वाच ना!’ मी गप्प.

मग दर रविवारी आम्ही दोघी बसायला लागलो. चेहरे ओळखणारं सॉफ्टवेअर मी आधीच चालवून पाहिलं होतं. त्यानं एका लग्नातली आई आणि वीस वर्षांनंतरच्या लग्नातली लेक यांना एकच बाई ठरवलं. आत्या म्हणाल्या, ‘तोंड कसलं बघतेस, नथ बघ.’ नथ एकच होती, सासूकडून सुनेकडे गेलेली. त्या धाग्यानं नऊवारीतल्या चार बायका एका रांगेत लागल्या. पदकं लावलेला, दाढीवाला एक हवालदार होता. पलटणीच्या कागदांत तो सॅम्युएल, घरी समाजी. मी यादीत नावाला एकच रकाना ठेवला होता, तो मोडून दोन करावे लागले. मुसाजी म्हणजे मोझेस, हसाजी म्हणजे इझिकेल. आडनाव मात्र गावावरून: पेणकर, दिवेकर, रोहेकर, किहीमकर. त्या आडनावांवरून कुळाचं गाव लागतं, पण माणूस लागत नाही. त्यासाठी ओळखणारं कुणीतरी लागतं.

वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयात मी एकदा गेले होते. तिथं एक उंच मनोरा आतून फोटोंनी मढवलेला आहे. लिथुआनियातल्या ऐशिशोक गावचे ज्यू लोक: लग्नं, सहली, शाळेतली मुलं. सप्टेंबर १९४१ मध्ये दोन दिवसांत त्या गावातली जवळजवळ सगळी ज्यू वस्ती मारली गेली. याफा एलिआख लहानपणी त्यातून वाचल्या. त्यांचे आजीआजोबा गावचे फोटोग्राफर होते. पुढं त्यांनी देशोदेशी विखुरलेल्या कुटुंबांकडून एकेक फोटो मागून आणला. आपल्याकडे, देवाच्या दयेनं, तसं काही घडलं नाही. आळीतली माणसं हसत-रडत, शेजाऱ्यांच्या हाती डबे देऊन आपण होऊन गेली. कुणी हाकललं नाही, म्हणून कुणाला काही जपून ठेवावंसंही वाटलं नाही. मला तर नाहीच वाटलं.

आत्यांबरोबर १७१ फोटोंना नावं लागली. प्रत्येक फाईलच्या आत ती लिहून ठेवली आहेत, दोन्ही रकान्यांसकट, आणि कुणी ओळखलं तेही. गेल्या वर्षी पावसाळ्यात एका रविवारी आत्यांनी फोन उचलला नाही. दुसऱ्या दिवशी मैत्रिणीचा निरोप आला. पुढच्या रविवारी दाखवायचे सहा फोटो मी निवडून ठेवले होते.

राहिले ४१. त्यांचे मूळ फोटो पाकिटांत घालून मी आज बरोबर आणलेत आणि छापील प्रती चहाच्या टेबलामागच्या भिंतीवर लावल्यात. आळीत तुमच्यापैकी किती जणांचं जाणंयेणं होतं मला माहीत आहे. बाई, सर, आधी तुम्ही बघा. सतरा नंबरचा फोटो बहुतेक आपल्याच शाळेच्या पायऱ्यांवरचा आहे. मधल्या रांगेत दोन वेण्यांची मुलगी आहे, तिच्या शेजारी बसलेल्या मास्तरांना तरी कुणीतरी ओळखेल. खात्री नसली तरी सांगा, ‘बहुधा’ असं लिहून ठेवीन. प्रत्येक प्रतीखाली कोरी पट्टी आहे आणि पेन्सिल दोऱ्यानं बांधली आहे. नाव पट्टीवरच लिहा, आणि खाली आपलंही.