उसनी परिचारिका

रात्रीची पाळी सुरू होते आणि बालविभागांत दोन परिचारिका कमी आहेत असें ध्यानांत येतें. एकीला ताप आलेला असतो. दुसरीची जागा कित्येक महिने रिकामीच असते. मेट्रनबाई मोठ्यांच्या शस्त्रक्रिया-विभागांतून एक परिचारिका पाठवून देतात. आलेली बाई १५ वर्षांची अनुभवी, हाताची हलकी आणि कामांत चोख. हजेरीपटावरील आंकडा जवळजवळ जुळतो. परंतु खाटेवरच्या आठ महिन्यांच्या मुलाच्या दृष्टीनें तो जुळला काय, हा खरा प्रश्न आहे.

रुग्णालयांतील ही उसनवारी सर्वस्वीं टाळतां येत नाहीं. २०२० सालीं करोनाच्या सांथींत अनेक देशांतील बालविभागांच्या परिचारिका मोठ्यांच्या शुश्रूषेसाठीं पाठवाव्या लागल्या. २०२२ सालच्या अखेरीस उत्तर अमेरिकेंत मुलांमध्यें श्वसनविकारांची लाट आली, तेव्हां उलट बालविभागांनाच माणसांची चणचण भासली. दोन्ही वेळां शुश्रूषेचीं तत्त्वें तींच होतीं. बदललें होतें तें रोग्याचें शरीर.

लहान मुलाचें शरीर अनोळखी डोळ्यांना फसवतें. स्वस्थ प्रौढ माणूस मिनिटाला १२ ते २० वेळां श्वास घेतो, तर नवजात अर्भक ३० ते ६० वेळां. एकाच्या बाबतींत भीतिदायक ठरणारा आंकडा दुसऱ्याच्या बाबतींत आरोग्याचें लक्षण असतो. याहूनहि कठीण गोष्ट अशी कीं, अंगांतील पाणी किंवा रक्त कमी झालेल्या मुलाचा रक्तदाब बराच वेळ ढळत नाहीं. नाडी जलद चालते, हातपाय गार पडतात, पण दाबाचा आंकडा जागच्या जागीं असतो. तो ढळतो तेव्हां हातीं फार थोडा अवधि उरलेला असतो. तसेंच, धापा टाकणारें मूल एकाएकीं मंद श्वास घेऊं लागलें, तर मोठ्यांच्या विभागांत सरावलेल्या परिचारिकेला हायसें वाटण्याचा संभव असतो. मुलांमध्यें दिवस काढलेली परिचारिका मात्र त्याच क्षणीं डॉक्टरांना हांक मारते. कारण पोर कित्येकदां शांत झालेलें नसतें, दमलेलें असतें.

औषधाचीहि तीच कथा. मोठ्या माणसाला चुकून दसपट औषध द्यावयाचें झालें, तर पुष्कळदां दहा कुप्या फोडाव्या लागतील आणि तिसऱ्या कुपीलाच हात थबकेल. मुलाची मात्रा वजनावर ठरते व ती बहुधा एका कुपीचा लहानसा अंश असते. दशांशचिन्ह एक घर सरकलें, तरी दसपट औषध त्याच कुपींतून त्याच सिरिंजमध्यें निमूटपणें मावतें. हाताला अडवणारें कांहींच नसतें.

आजारी मुलांची शुश्रूषा ही निराळी विद्या आहे, हें इंग्लंडनें फार पूर्वींच मान्य केलें होतें. १९१९ च्या कायद्यानें तेथें अशा परिचारिकांची नोंद स्वतंत्र झाली. तरीहि त्याच देशांत ब्रिस्टल येथें मुलांच्या उघड्या हृदयावरील शस्त्रक्रिया १९९५ पर्यंत मोठ्यांच्या रुग्णालयांत होत असत. बालरुग्णालय थोड्याच अंतरावर होतें. मोठ्यांच्या व मुलांच्या खाटा एकाच अतिदक्षता विभागांत असत आणि मुलांच्या शुश्रूषेचें शिक्षण घेतलेल्या परिचारिका अपुऱ्या पडत. १९९१ ते १९९५ या काळांत, इतर केंद्रांच्या मानानें, एक वर्षाखालील ३० ते ३५ बालकें तेथें अधिक दगावलीं. सर इयन केनेडी यांच्या चौकशी-समितीचा अहवाल २००१ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत कारणें अनेक दिलीं होतीं आणि दोष एकट्या परिचारिकांवर नव्हताच. परंतु मुलांची सेवा त्यासाठीं शिकलेल्या माणसांनीं करावी, हा आग्रह त्यांत स्पष्ट होता.

मग शिकलेलीं माणसें अपुरीं असतील तर काय करावें? बदलीचा हुकूम निघण्यापूर्वीं, सवडीच्या दिवसांत, उसन्या परिचारिकेला विभागाची ओळख करून द्यावी. वजनकांटा कोठें आहे, श्वास देण्याचे लहान मुखवटे कोणत्या कपाटांत आहेत, हें तिनें संकटाच्या वेळीं शोधीत बसूं नये. तिच्याकडे अर्भक न देतां आंत्रपुच्छाची शस्त्रक्रिया झालेला, प्रकृति स्थिर असलेला थोरला मुलगा द्यावा. तेथें तिचा अनुभव पुरा उपयोगी पडतो. ओंटारिओ प्रांतानें २०२२ सालीं याच न्यायानें १४ वर्षांवरील मुलांना मोठ्यांच्या रुग्णालयांत घेण्यास सांगितलें. त्यामुळें बालविभागांतील हात लहानांसाठीं मोकळे झाले. शिवाय तिच्या शेजारीं विभागांतील एक जाणती परिचारिका नेमलेली असावी आणि प्रत्येक मात्रा दोघींनीं स्वतंत्रपणें मोजावी.

सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे 'हें काम मला येत नाहीं' असें म्हणण्याची तिला मोकळीक असावी व तें म्हटल्याबद्दल तिच्यावर ठपका येऊं नये. आणि उशाशीं बसलेली आई 'बाळ आज निराळें दिसतें' असें म्हणाली, तर तें बोलणें भित्रेपणाचें समजून सोडून देऊं नये. त्या खोलींत बाळाची खरी ओळख असलेली बहुधा तीच एक असते.

हजेरीपट रोज सकाळीं नवा मांडतां येतो. खाटेवरच्या आठ महिन्यांच्या जिवाला मात्र आपलें गाऱ्हाणें सांगतां येत नाहीं. तें ओळखणारे डोळे त्या रात्रीं तेथें असले पाहिजेत, इतकेंच त्याचें मागणें असतें.