ना गोरी, ना बाई
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातल्या भाषणाचा मजकूर)



नामिबियाच्या वाळवंटातली प्राचीन चित्रं बघायला मी एकटी जाऊन आले, हे कळल्यावर घरात, ऑफिसात, अगदी आपल्या संघटनेतसुद्धा पहिला प्रश्न एकच आला, "सोबत कोण होतं?" त्याचं उत्तर आज देते. शिवाय एका प्रसिद्ध बाईची गोष्टही सांगते, जी बहुधा बाई नव्हतीच.

ब्रँडबर्ग हा नामिबियातला सर्वांत उंच डोंगर, २५७३ मीटर. नामिब वाळवंटाच्या कडेला सपाट माळावर तो एकदम उठलेला दिसतो. उइस हे कथिलाच्या जुन्या खाणीचं गाव मागे पडलं की खडीचा कच्चा रस्ता लागतो. भाड्याची गाडी मीच चालवत होते. वाटेत समोरून दोनच वाहनं आली. भीती वाटली का? टायर फुटेल याची वाटली. आपल्याकडे रात्री स्टेशनवरून घरी येताना वाटते तेवढी मात्र नाही वाटली.

पायथ्यापासून पुढे स्थानिक गाइडशिवाय सोडत नाहीत. माझी गाइड दामारा समाजातली, दोन मुलांची आई. त्सिसाब दरीतल्या कोरड्या नदीच्या कडेने पाऊण तास ती पुढे आणि मी मागे. सावली कुठे आहे, कुठल्या दगडावर हात ठेवायचा नाही, हे ती सांगायची. पर्यटक आले तर तिची कमाई. २०२०मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाल्या तेव्हा हातात काहीच नव्हतं, म्हणाली. तर माझ्यासोबत ही होती. 'एकटीने केलेला प्रवास' असं आपण मोठ्या तोऱ्यात म्हणतो, त्यात अशा बायकांचे श्रम मोजायचे राहून जातात.

आता ती प्रसिद्ध 'व्हाइट लेडी'. चित्र जेमतेम हातभर उंचीचं, लोखंडी कठड्यापलीकडे. रंग उठून दिसावेत म्हणून पूर्वी लोक त्यावर पाणी, शीतपेयं शिंपडायचे, त्याने ते फिकं झालंय. कमरेखाली पांढरा रंग, अंगावर दागिने, हातात धनुष्यबाण, आजूबाजूला माणसं आणि जनावरं. शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या, सान लोकांच्या पूर्वजांनी ते किमान दोन हजार वर्षांपूर्वी रंगवलं असं मानतात.

१९१८ साली राइनहार्ट माक या जर्मन सर्वेक्षकाने ते कागदावर उतरवलं. १९२९ साली त्याची नक्कल आंरी ब्रय या नामांकित फ्रेंच पंडितांनी पाहिली आणि ही भूमध्य समुद्राकडून आलेली गोरी स्त्री आहे, असं ठरवून टाकलं. १९४७मध्ये प्रत्यक्ष चित्र पाहूनही त्यांचं मत बदललं नाही. १९५५ साली त्यावर पुस्तक आलं. तेव्हा इथे दक्षिण आफ्रिकेच्या गोऱ्या सरकारचा अंमल, वर्णभेद कायद्यात बसवलेला. इतकं देखणं चित्र इथल्या काळ्या माणसांचं आहे, हे मान्य करण्यापेक्षा हजारो मैलांवरून एक गोरी बाई आणणं सोपं पडलं! आणि नाजूक अंगकाठी, दागिने दिसले की ती बाईच असणार. आज बहुतेक अभ्यासक म्हणतात, आकृती पुरुषाची आहे, पांढरा रंग विधीसाठी अंगाला फासलेला असावा. गाइड हसून म्हणाली, "ना गोरी, ना बाई."

धनुष्य म्हणजे पुरुषच, असं मात्र मी म्हणणार नाही. पेरू देशात नऊ हजार वर्षांपूर्वीच्या एका तरुण स्त्रीच्या दफनात शिकारीची हत्यारं सापडली, त्याचा अहवाल २०२०मध्ये आला.

एक खरीखुरी बाई या गोष्टीत आहे. मेरी बॉइल, स्कॉटलंडची. तीसहून अधिक वर्षं ब्रय यांच्याबरोबर काम केलं, आफ्रिकेतल्या मोहिमांवर गेली, त्या १९५५च्या पुस्तकातही तिचा हात आहे. तिचं नाव इथे कुणी ऐकलंय? चित्रात नसलेल्या बाईचं नाव जगभर झालं.

नामिबिया १९९०मध्ये स्वतंत्र झाला, तरी चित्राचं नाव तेच राहिलं. ते बदलायला हवं असं माझं मत. गाइडला तसं म्हटलं तर तिने उलट विचारलं, "हे नाव नसतं तर तुम्ही इतक्या लांब आला असतात?" तिचं पोट त्या नावावर चालतं. मी गप्प राहिले.

कुणाला जायचं असेल तर मे ते सप्टेंबर हवा बरी असते. निघताना पाणी भरपूर घ्या, आणि गाइडचे पैसे घासाघीस न करता द्या.